हरमलची मिरची आणि पाहुण्यांचे ताट

वाचकहो, मिरची म्हणजे तुमच्या घरातली रोजची वस्तू. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी ही नावे तुम्हांला सांगायला नकोत. पण हरमल मिरची तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली आहे? गोव्याच्या पेडणे तालुक्यात अगदी समुद्राच्या काठाला हरमल नावाचे गाव आहे. या भागातली ही मिरची. माशांच्या आमटीला, तिकडे तिला हुमण म्हणतात, रंग आणि चव यावी म्हणून बायका ती उन्हात वाळवून वर्षाची भरून ठेवीत. अलीकडच्या काही वर्षांत तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे जसा देवगडचा हापूस, तशी हरमलची मिरची, असे सरकारी कागदावर लिहिले गेले.

आता गंमत पाहा. हेच हरमल जगभर ठाऊक आहे ते मिरचीसाठी नव्हे आणि हरमल या नावानेही नव्हे. पाहुणे त्याला 'अरांबोल' म्हणतात. पोर्तुगीज लिहिण्याच्या धाटणीवरून हे नाव पडले आणि तेच नकाशावर बसले. मोरजीचे 'मोरजिम' झाले, हणजुण्याचे 'अंजुना' झाले. हणजुणे म्हटले तर आपल्याकडच्या दहांतल्या नऊ जणांना कळायचे नाही, अंजुना म्हटले की कॉलेजात जाणारी पोरे लगेच कान टवकारतील. तर या हरमलच्या किनाऱ्यावरून खाणावळींच्या पाट्या वाचत चाललात, तर पिझ्झा दिसेल, पॅनकेक दिसेल, हरभऱ्याची इस्रायली चटणी (तिला हम्मस म्हणतात) दिसेल, पनीर टिक्का दिसेल. हरमलची मिरची वाटून केलेले हुमण आणि उकड्या तांदळाचा भात मात्र विचारत विचारत शोधावा लागेल.

पैसे देऊन जेवणारा पाहुणा गावात वस्तीला आला, की त्या गावाच्या चुलीचे आणि शेताचे काय होते, ते आज तुम्हांला सांगायचे आहे. त्यासाठी पेडणे तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. तिथे जाणेही सोपे. सावंतवाडी, बांदा करीत गेलात तर १९५५ च्या गोवा सत्याग्रहात जिथे हुतात्मे पडले ते पत्रादेवी लागते, तिथून पुढे पेडणे. नाहीतर वेंगुर्ल्याहून शिरोडा, रेडी करीत तेरेखोलला यावे आणि फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरावे. सवड असेल तर हीच वाट धरा.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गोव्याच्या ताटात परक्यांनी हात घातला तो काही आजचा नाही. पोर्तुगीज १५१० मध्ये आले आणि त्यांच्या गलबतांतून मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, बटाटा अशा कितीतरी वस्तू या किनाऱ्यावर उतरल्या. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. मिरीवरूनच मिरचीला नाव मिळाले. बटाटा हा शब्दच मुळी पोर्तुगीज. आपला हापूससुद्धा एका पोर्तुगीज माणसाच्या नावावरून आलेला. म्हणजे ज्या मिरचीसाठी मी हळहळतो आहे तीही एके काळी पाहुणीच!

पावाचे तसेच. गोव्यात गहू पिकत नाही. पाव फुगवायला लागणारे आंबवणही तेव्हा मिळेना. मग इथल्या लोकांनी माडाची ताजी सूर घालून पीठ आंबवले. सासष्टीतल्या माजोर्डे गावच्या लोकांनी ही विद्या आधी उचलली असे सांगतात. पाव करणाऱ्याला पोदेर म्हणू लागले. सकाळ-संध्याकाळ सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवीत पोदेर दारात येतो. कोंड्यासकट पिठाची पोई, बांगडीसारखे कांकण, उंडे असे प्रकार त्याच्याकडे असतात. गोव्यातल्या हिंदू घरांतही आता सकाळचा चहा पोईशिवाय होत नाही. परक्याची वस्तू इथल्या माडाशी जोडली गेली, रेंदेर म्हणजे सूर काढणारा, त्याच्या कमरेच्या कोयत्याशी जोडली गेली, म्हणून ती घरची झाली. मिरची इथल्या मातीत रुजली, बी धरले, गावागावात तिची वेगळी जात झाली. याला काही शतके लागली, हे मात्र ध्यानात ठेवा.

केसाळ पाहुणे आणि त्यांच्यामागून आलेले

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि त्याच दशकाच्या अखेरीला युरोप-अमेरिकेतली तरुण पोरे खांद्यावर पिशव्या टाकून कळंगूट, बागा, हणजुणे या बारदेशच्या किनाऱ्यांवर येऊन राहू लागली. लोक त्यांना हिप्पी म्हणत. त्यांच्या उघड्या अंगाची आणि नशापाण्याची चर्चा त्या वेळी वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली, ती इथे उगाळत नाही. आपल्याला पाहायचे आहे ते त्यांचे खाणे. ही मंडळी कोळ्यांच्या, रेंदेरांच्या घरांत खोल्या भाड्याने घेत. पैसा बेताचा, म्हणून सुरुवातीला जे घरात शिजे तेच खात. पुढे राहणे महिनोन्‌महिन्यांचे झाले, तशी घरची आठवण येऊ लागली. मग घरमालकिणीला कुणी ओटची लापशी शिकवली, कुणी केळे घालून गोड धिरडे करायला शिकवले. त्याचेच पुढे 'बनाना पॅनकेक' होऊन ते प्रत्येक खानावळीच्या यादीवर बसले.

हा बदल मला तितकासा टोचत नाही. चुलीपाशी उभे राहून एका बाईने दुसरीला शिकवलेले ते अन्न होते. केळे परसातले, अंडे खुराड्यातले, नारळ माडावरचा. वरकमाई झाली, ती मुलांच्या शाळेला गेली, घरावर कौले चढली. गरिबी कुणी ओवाळून टाकायची वस्तू समजू नये. आज हणजुण्यात जो बुधवारचा बाजार भरतो, त्याची सुरुवातही या मुक्कामी परदेशी मंडळींनी आपल्याजवळच्या जुन्या वस्तू विकायला मांडल्या तिथून झाली.

खरा फरक पडला तो १९८० च्या दशकात. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे पंतप्रधान आग्वादच्या किनाऱ्यावर विश्रांतीला आले. रस्ते झाले, दिवे आले. पाठोपाठ परदेशातून थेट विमाने भरून पाहुणे उतरू लागले. दोन आठवड्यांचे हे पाहुणे. त्यांना घरमालकिणीचे नाव ठाऊक नसते आणि तिलाही त्यांचे. त्यांना जे घरी आवडते तेच इथे हवे, झटपट हवे आणि यादीत छापलेले हवे. किनाऱ्यावर बांबूची, माडाच्या झावळ्यांची तात्पुरती उपाहारगृहे उभी राहिली. त्यांना तिकडे 'शॅक' म्हणतात. पावसाळा सरल्यावर ती उभारायची आणि मे अखेर मोडायची. परवाना गावकऱ्याच्या नावे निघतो, पण चालवतो भलताच, अशी तक्रार दर हंगामात होते. आत आचारी नेपाळचा, वाढपी झारखंडचा, कोंबडी बर्फातली. पोटासाठी इतक्या लांबून आलेल्या त्या पोरांचा यात काही दोष नाही. पण हरमलची मिरची त्यांना कोण दाखवणार?

पेडणे तालुका या सगळ्यापासून बरीच वर्षे थोडा बाजूला राहिला, कारण मध्ये शापोरा नदी. शिवोलीला येऊन फेरीबोटीची वाट पाहावी लागे. नव्या शतकाच्या सुरुवातीला शिवोली-चोपडे पूल झाला आणि पाहुण्यांचा लोंढा पलीकडे आला. हरमलला इस्रायलमधली, लष्करातली सक्तीची नोकरी संपवून आलेली तरुण मुले आली, मोरजीला रशियन आले. मोरजीत एक काळ असा होता की दुकानांच्या पाट्या, औषधांची नावे, जेवणाच्या याद्या, सगळे रशियन अक्षरांत. बीटाची आमटी आणि सारण भरलेले पिठाचे उकडलेले गोळे. 'छोटा रशिया' असेच त्या गावाला नाव पडले. काही जण हंगामभर राहू लागले, त्यांनी खानावळी चालवायला घेतल्या.

मग २०१४ च्या अखेरीला रशियाचे चलन घसरले. हजारो मैलांवरच्या रूबलचा भाव पडला आणि मोरजीतल्या खोल्या रिकाम्या राहिल्या. कांद्याचा भाव लासलगावला पडला तर आपल्याकडे काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे, पण इथे पडलेला भाव कुठला आणि कशाचा, हेच कित्येक घरांना कळेना. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने उरलेसुरले दार बंद केले. त्या उन्हाळ्यात गावांत एकच प्रश्न होता, आता खायचे काय? ज्यांनी शेत राखले होते त्यांच्या कणगीत भात होता. ज्यांनी शेतावर खोल्या बांधल्या होत्या, त्यांच्यापाशी कुलपे होती.

पेज कुठे गेली?

कोकणातल्या वाचकांना पेजेचे कौतुक सांगायला नको. घाटावरच्यांसाठी सांगतो. उकडे तांदूळ पाण्यात मऊ शिजवायचे, मीठ घालायचे, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा कैरीचे लोणचे. सकाळी दहाच्या सुमारास, शेतात दोन-तीन तास घाम गाळून झाला की बांधावर बसून ही पेज प्यायची. आपल्या न्याहारीच्या भाकरीची ही बहीण. गोव्याच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या हाच नेम होता.

पेज कुठल्याही शॅकमध्ये मिळत नाही आणि मिळावी असा माझा आग्रहही नाही. पण ती घरांतूनही उठत चालली आहे. त्याचे कारण जिभेत शोधू नका, शेतात शोधा. ते राबणाऱ्याचे अन्न. राबणे थांबले की दहा वाजता पेजेची भूक कुणाला लागणार? आणि शेतावर घरचे उकडे तांदूळ झाले नाहीत की दुकानातून पिशवी येते. ती पिशवी कुठली का असेना, घरच्या तांदळाची पेज तिच्यातून होत नाही. चव स्वयंपाकघरात हरवली असे आपण म्हणतो खरे, पण ती आधी वावरात हरवलेली असते.

गोव्याची खाजण जमीन हे याचे उत्तम उदाहरण. आपल्या कोकणात जिला खारजमीन म्हणतात तीच. खाडीच्या खाऱ्या पाण्याला मातीचा बांध घालून अडवायचे, बांधाला 'मानस' म्हणजे लाकडी झडपांचे दार ठेवायचे. ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते, भरतीला दार आपोआप मिटते. आत खारे सोसणारा कोरगुट भात घ्यायचा. मानशीपाशी मासे, कोळंबी मिळते, तिचा लिलाव होतो. शेकडो वर्षांची ही रचना. पण बांध एकट्याचा नसतो, सगळ्यांनी मिळून राखायचा असतो. दहा खातेदारांतले चार हॉटेलात नोकरीला लागले, दोघांनी जमीन विकली, तर मातीची डागडुजी करायला कोण येणार? भाताची काळजी उरली नाही की कोळंबीच्या लोभाने मानस उघडी ठेवणारेही निघतात. खारे पाणी आत शिरले की ज्याने शेत टाकले त्याचे काही जात नाही, ज्याने राखले त्याचे पीक जाते.

विकत घेणारे कोण? दिल्ली, मुंबई, बंगळूरची पैसेवाली मंडळी. त्यांना समुद्राजवळ दुसरे घर हवे असते आणि खिडकीतून हिरवे शेतही दिसायला हवे असते. ते हिरवे कोण ठेवणार, हा प्रश्न त्यांना पडत नाही. शेवटी २०२३ मध्ये गोव्याने कायदा केला की भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकता येणार नाही. बरे केले. पण तोवर बरेच कुंपण घालून झाले होते. त्यातच मोपाचा नवा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तोही याच पेडणे तालुक्यात. जमिनीच्या भावाचे काय झाले असेल ते सांगायला नको.

तुमच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची. गोव्याची भाजी बेळगावहून जाते, दूध कोल्हापूर भागातून आणि कर्नाटकातून जाते. म्हणजे पाहुणे वाढले की घाटावरच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळते. मिळो, त्यात वाईट काही नाही. पण ज्या पहाटे आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात दरड कोसळते, त्या दिवशी हरमलच्या घरात भाजी नसते. ही त्या तालुक्याची नवी रीत.

माशाचेही असेच. रापण तुम्हांला ठाऊक असेल. किनाऱ्यावरून सारा गाव मिळून ओढतो ते मोठे जाळे. १९७० च्या दशकात गोव्यातल्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध मोठा लढा दिला. रापण ओढायला आलेल्या प्रत्येकाला वाटा मिळे, म्हातारीकोतारीही घरी मूठभर तारले घेऊन जात. आता होड्या पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला जातात. चांगली इसवण, म्हणजे आपली सुरमई, आली की हॉटेलवाला ती आधी उचलतो. गावात राहतो तो बारीक मासा, आणि तोही महाग.

सगळेच गेले असे मात्र समजू नका. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. मे महिन्यात गेलात तर उत्तम. तिथे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चाललेली असते. सुका बांगडा, सुंगटे, सोले, चिंचेचे गोळे, आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ, मोयऱ्याची हातभर लांब केळी, आणि फडक्यावर मांडलेल्या मिरच्या. हरमलची कोणती ते तिथली बाई तुम्हांला बोट दाखवून सांगेल. एक तोडून नाकाशी धरायलाही देईल, आणि भाव केलात तर तोंड फिरवील! या बाजारात अजून घरचे ताट जिवंत आहे, कारण इथे पाहुणा फोटो काढतो आणि घरची बाई विकत घेते.

अलीकडच्या तीरावर

आता नदी ओलांडून आपल्या बाजूला येऊ. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली, देवबाग, मालवण, वेंगुर्ले इथे घराघरांत न्याहारी-निवासाच्या खोल्या निघाल्या. 'येवा, कोकण आपलोच आसा' ही हाक तुम्ही ऐकली असेल. तिकडे जाणारे पाहुणे परदेशी नव्हेत, तुम्ही आणि मी. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबईचे. दोन दिवस राहतो, समुद्रात भिजतो आणि ताटावर बसलो की म्हणतो, 'जरा झणझणीत करा.'

मालवणी जेवण मुळात सगळे झणझणीत नाही. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, कुळथाची पिठी, नारळाच्या रसातले शिरवाळे, घावन, आंबोळी ही सौम्य, ओल्या खोबऱ्याची चव आहे. पण पाहुण्याला तेलाचा तवंग आणि लाल रस्सा हवा, म्हणून तसा होऊ लागला. आणखी दहा वर्षांनी तिथल्या पोरांनाच वाटेल की आपले जेवण असेच असते. जमिनीचे म्हणाल तर महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच शेतजमीन घेता येते, हे खरे. पण घाटावरचा शेतकरीही शेतकरीच. तिकडच्या भातखाचरावर बंगला बांधायला निघालेल्यांत आपले सोयरेधायरेही आहेत.

याच्या उलट एक गाव सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास आहे, नाना फडणविसांचे गाव. तिथे हिवाळ्या-उन्हाळ्यात कासवाची पिल्ले समुद्रात सोडतात, ती पाहायला माणसे येतात. उतरायची सोय गावकऱ्यांच्या घरांत. जेवायला घरात असेल ते. भात, आमटी, भाकरी, कुळथाचे पिठले, सणासारखा एखादा मोदक. यादी नाही, निवड नाही. पाहुणा कुटुंबाच्या ओसरीवर बसतो आणि निमूट जेवतो. परत परत येणारेही पुष्कळ. बाईने काही नवे शिकायचे नसते, पाहुण्यानेच शिकायचे असते.

पण वेळासला समुद्राकाठी रात्रभर वाद्ये वाजत नाहीत, आणि तिथवर विमानही अजून पोहोचलेले नाही. तेरेखोलच्या अलीकडे रेडी-शिरोड्याची स्थिती वेगळी आहे. मोपा इथून हाकेच्या अंतरावर. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला ते हे शिरोडे, वि. स. खांडेकर जिथे शिक्षक होते ते हे शिरोडे. फेरीतून उतरून या रस्त्याने निघालात तर दोन्ही बाजूंना अजून भाताची खाचरे आहेत, काहींत वायंगण शेतीही होते. अधूनमधून एखाद्या फाटकावर हाताने रंगवलेली पाटी लटकते. 'घरगुती जेवण मिळेल'. काही पाट्यांवर त्याखाली, जरा ताज्या रंगात, आणखी एक ओळ घातलेली असते. 'पनीर, चायनीज ऑर्डरप्रमाणे'. गाडी थांबवलीत तर वरच्या ओळीतले मागा. घरात पेज झाली आहे का तेही विचारा. सकाळची वेळ असेल आणि घरातले माणूस शेतावरून आलेले असेल, तर वाटीभर मिळून जाईल.